काम न करण्याचं वर्ष

पुण्याला परत येण्याचं कारण मी सुरुवातीला लोकांना खरं खरं सांगायचो. "अमेरिकेत कायमचं राहता यावं म्हणून मी वर्षभर पुण्यात राहायला आलोय," असं म्हटलं की समोरचा आधी हसायचा आणि मी हसत नाही हे बघून गप्प व्हायचा. पुढे मी तो नाद सोडला. "कंपनीने पाठवलंय" एवढं सांगून भागत होतं. पुण्यात तोंडावर कोणी फार खोलात जात नाही. पाठ वळली की "तिकडून काढलं असणार" म्हणतात आणि आपापल्या कामाला लागतात.

अकरा वर्षं मी अमेरिकेत एकाच कंपनीत प्रोग्रॅम लिहीत होतो. ग्रीन कार्डसाठीचा माझा अर्ज कधीच मंजूर झालेला होता, पण त्या वर्गातली भारतात जन्मलेल्यांची रांग अशी, की माझा नंबर लागेपर्यंत मी काठी टेकत गेलो असतो. माझं काय, मी थांबलो असतो. प्रश्न मुलीचा होता. सहा वर्षांची असताना आम्ही तिला तिकडे नेलं आणि आता ती शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. एकवीस पूर्ण झाले की आईबापांच्या अर्जावरून मुलांचं नाव गळतं. मग त्यांनी स्वतःचा व्हिसा शोधायचा, नाहीतर मायदेशी परत यायचं. जिला या देशातलं आजोबांचं घर आणि रिक्षाचा आवाज सोडून फारसं काही आठवत नाही, ती 'परत' म्हणजे कुठे येणार होती, हे मला कळत नव्हतं.

कंपनीच्या वकीलबाईंनी दुसरी वाट दाखवली. बहुराष्ट्रीय कंपनीच्या व्यवस्थापकांसाठी वेगळा वर्ग असतो आणि तिथली रांग पुष्कळ लहान असते. शिवाय जुन्या रांगेत आपण ज्या तारखेला उभे राहिलो ती तारीख नव्या रांगेतही धरतात, म्हणजे माझा नंबर जवळजवळ लगेच लागला असता. अट एकच, कंपनीच्या परदेशातल्या शाखेत निदान एक वर्ष व्यवस्थापक म्हणून काढलेलं हवं. नुसता हुद्दा चालत नाही. माणसं नेमायची, रजा द्यायची, नाकारायची, कोणाला बढती द्यायची ते ठरवायचं. हाताखालच्यांचं काम मात्र आपण करत बसायचं नाही. मधे अमेरिकेत जाऊन आलात तर ते दिवस वर्षात धरत नाहीत.

बायकोचा स्वतःचा नोकरीचा व्हिसा होता, त्यामुळे त्या दोघी तिथेच राहिल्या आणि मी एकटा खडकीला बाबांच्या फ्लॅटमध्ये येऊन पडलो.

बाबा दारूगोळा कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. आई गेल्यापासून एकटेच राहत होते आणि एकटं राहण्याची त्यांनी घडी बसवली होती. मी आल्यामुळे ती विस्कटली हे त्यांनी पहिल्याच दिवशी मला कळू दिलं. मी त्यांना व्हिसाचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "म्हणजे अकरा वर्षं काम केलंस म्हणून दिलं नाही. आता वर्षभर काम न करता बसलास की देणार."

"तसं नाही हो बाबा."

"तसंच आहे. बस मग. आम्हाला जन्मात कोणी अशी संधी दिली नाही."

ऑफिस येरवड्याला होतं. खडकीहून निघायचं, होळकर पुलावर अडकायचं आणि पोहोचेपर्यंत अर्धा जीव गेलेला असायचा. माझ्या हाताखाली पाच जण होते आणि त्या पाचांच्या हाताखाली आणखी काही. पाचांत सगळ्यात जुनी होती ती यवतमाळची. बारा वर्षं पुण्यात राहून शहराच्या कडेला मांजरी गावात उसाच्या फडाशेजारी उभ्या राहिलेल्या नव्या सोसायटीत तिने घर घेतलं होतं. रोज स्कूटीवरून यायची. बोलणं मोजकं, काम चोख. मी तिच्या जागी असतो तर माझ्यासारखा तिकडून उतरलेला साहेब मला अजिबात आवडला नसता. तिने तसं कधी दाखवलं नाही.

पहिल्या आठवड्यात मी सवयीने मशीन उघडून प्रोग्रॅम वाचायला बसलो. वकीलबाईंच्या कानावर ते माझ्याच तोंडून गेलं. त्या जवळजवळ ओरडल्याच. तुम्ही कशात बदल केलेत तर सिस्टिममध्ये तुमच्या नावाची नोंद राहील, आणि उद्या ती नोंद तुमच्याविरुद्ध जाईल, असं म्हणाल्या. मग मी स्वतःच अर्ज करून प्रोग्रॅममध्ये बदल करण्याची माझी परवानगी काढून टाकायला लावली. सिस्टिम सांभाळणाऱ्या मुलाने दोनदा विचारलं, "सर, नक्की काढू?"

त्यानंतर मी साहेब झालो. मीटिंगा घेतल्या. रजेच्या अर्जांवर होय-नाही केलं. कोणाचं काम कोणाकडे द्यायचं, कोणाला वरची श्रेणी द्यायची आणि कोणाला समजूत घालून खालची द्यायची, यात आठवडे गेले. संध्याकाळी घरी निघताना आज आपण काय केलं ते आठवायला जावं तर काही हाताला लागायचं नाही. दमायला मात्र प्रोग्रॅम लिहिताना व्हायचं त्याच्या दुप्पट व्हायचं. मला साहेबगिरीची नुसती नावड नव्हती, मला ती जमतही नव्हती. ज्याला आयुष्यभर आपल्या हाताने गोष्ट चालू करून बघायची सवय आहे, त्याला दुसऱ्याच्या चुका लांबून बघत बसणं ही शिक्षाच असते.

उशीर झाला की बाबा ताटं मांडून बसलेले असायचे.

"जेवून घ्यायचं ना बाबा तुम्ही."

"मी थांबलो. भाजी थांबली नाही, गार झाली. ती काही तुझ्या हाताखाली नाही."

आणि अधूनमधून विचारायचे, "कधी संपतंय रे तुझं वर्ष?" मी महिना सांगायचो. ते "हं" म्हणायचे आणि टीव्हीचा आवाज वाढवायचे. माझा त्यांना कंटाळा आलाय अशी माझी पक्की समजूत होती.

दिवाळीच्या तोंडावर एका मोठ्या ग्राहकाचा बिलांचा प्रोग्रॅम बंद पडला. हे काम यवतमाळच्या बाईकडे होतं आणि तिला नेमकं शुक्रवारी संध्याकाळी गावाला निघायचं होतं. धाकट्या बहिणीचं डोहाळजेवण होतं रविवारी. रजेचा अर्ज तिने केव्हाच टाकून ठेवला होता. मी तो मंजूर केलेला नव्हता, आणि आता नामंजूर केला. त्याला इलाज नव्हता, कारण ते काम माहीत असणारं दुसरं कोणी नव्हतं.

म्हणजे, होतं. मी होतो. तो भाग मीच लिहिलेला होता, तिकडे असताना. मी तिच्या खुर्चीमागे उभा राहून पडद्याकडे बघितलं आणि घोटाळा कुठे असणार हे मला साधारण दिसलं. हात शिवशिवायला लागले.

"सर, इथे तुमचं नाव आहे," ती म्हणाली. "हे तुम्हीच लिहिलंय ना?"

"हो."

"मग बघता काय जरा?"

तोंडी सांगता आलं असतं. त्याची कुठे नोंद राहिली नसती आणि वकीलबाईंचीही त्याला हरकत नसती. पण तोवर मी इतका धास्तावलेलो होतो की मला सगळीकडे नोंदीच दिसत होत्या. एकदा खुर्चीत बसलो की मला उठवणार नाही हेही मला माहीत होतं. मी म्हणालो, "मदतीला कोण हवं ते घे. संध्याकाळपर्यंत कुठवर आलंय ते कळव." आणि केबिनमध्ये जाऊन दार लावून बसलो. मला माझी लाज वाटत होती आणि तिकडे असलेल्या माझ्या मुलीचा रागही येत होता, बिचारीचा काही संबंध नसताना.

तो प्रोग्रॅम चालू झाला रविवारी दुपारी. डोहाळजेवण तिने ऑफिसच्या टेबलावर फोन उभा करून बघितलं, असं मला नंतर दुसऱ्या कोणीतरी सांगितलं.

आम्हीही काय वेगळं करत होतो! मुलीची शाळा संपली तो समारंभ मी आणि बाबांनी जेवणाच्या टेबलावर फोन उभा करूनच बघितला. मी जाऊन येऊ शकलो असतो, पण तेवढे दिवस वर्ष पुढे गेलं असतं, आणि माझ्यात तेवढंही वाट बघण्याचं त्राण उरलं नव्हतं. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली पहाट. बाबा आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. पोरांनी टोप्या हवेत उडवल्या तेव्हा म्हणाले, "आता कोणाची टोपी कोणाला मिळाली हे कसं कळायचं?" मी बाहीने डोळे पुसले. त्यांनी बघितलं आणि चहा टाकायला उठून गेले.

वर्ष भरलं. अर्जासोबत जोडायला हाताखालच्या लोकांची पत्रं हवी होती. मी वर्षभरात काय काय करत होतो ते त्यांनी आपल्या शब्दांत लिहायचं. उगाच माझा दबाव नको म्हणून मी पाचही जणांना सांगितलं, "मला दाखवू नका. जे असेल ते लिहा आणि थेट वकिलांना पाठवा." मला या सरळपणाचं जरा कौतुकही वाटलं होतं.

शनिवारी सकाळी वकीलबाईंचा फोन आला.

"तुमच्या माणसांचं तुमच्यावर फार प्रेम आहे," त्या म्हणाल्या. "पाचही जणांचं. आणि पाचही जणांनी मिळून तुमची केस बुडवली आहे."

त्यांनी पत्रं मला पाठवली. मी बाबांच्या बाल्कनीत उभा राहून वाचली. इंग्रजी वेगवेगळं होतं, मजकूर एकच. सर कधीच साहेबासारखे वागले नाहीत. ते आमच्यातलेच एक होऊन राहिले. कोणतंही काम त्यांनी हलकं मानलं नाही, वेळ पडली तेव्हा स्वतः बाह्या सरसावून आमच्या खांद्याला खांदा लावून बसले. हे शेवटचं तर यवतमाळच्या बाईने लिहिलं होतं! दिवाळीच्या तोंडावर ग्राहकाचा प्रोग्रॅम बंद पडला असताना सरांनी आमच्याबरोबर बसून तो चालू केला, असं उदाहरणासकट.

मला ही भाषा ओळखीची होती. ही आपल्याकडची निरोप समारंभाची भाषा. शाळा असो, बँक असो, कारखाना असो, जाणाऱ्याला शाल-श्रीफळ देताना हे म्हणायचंच असतं. साहेब साहेबासारखे वागले नाहीत, याच्यापेक्षा मोठी स्तुती आपल्याकडे नाही. ज्याच्या केबिनवरून जाताना लोक चपला वाजू द्यायचे नाहीत, त्याच्याबद्दलही हेच म्हणतात आणि तोही डोळे पुसतो. माझ्या माणसांनी पत्र लिहायला घेतलं आणि त्यांच्या हातून निरोपाचं भाषण उतरलं. साहेब साहेबासारखा वागला नाही म्हणजे अमेरिकेच्या सरकारच्या लेखी तो साहेबच नव्हे, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

बाबांना मी एक पत्र मराठीतून वाचून दाखवलं. ते म्हणाले, "माझ्या वेळीही हेच म्हणाले होते. जो बोलला त्याला मी दोनदा मेमो दिला होता."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? नमस्कार केला. नारळाची बर्फी केली तुझ्या आईने."

सोमवारी मी पाचही जणांना मीटिंगच्या खोलीत बोलावलं आणि काय झालंय ते सांगितलं. मुलीचंही सांगितलं. आजवर मी ते ऑफिसात कोणाला सांगितलं नव्हतं. म्हणालो, "मी इथे काही हाताने काम केलं नाही. तुम्हाला सगळ्यांना ते ठाऊक आहे. तेवढंच लिहून हवंय."

मग एकजण म्हणाला, "सर, असं कसं लिहायचं? ऑड वाटतं ते. तुम्ही चाललात आणि आम्ही—"

"जाणाऱ्या माणसाबद्दल कोणी वाईट लिहिते काय सर?" यवतमाळची बाई म्हणाली.

"वाईट नको. खरं लिही."

"हो, तेच ते."

सगळे हसले. मीही हसलो. ती मात्र हसली नाही. वही बंद करून म्हणाली, "मग वेळ लागेल सर. पहिलं तर दहा मिनिटांत झालं होतं."

बाकीच्यांची पत्रं दोन दिवसांत गेली. तिचं राहिलं. मी विचारायला धजलो नाही. आठवड्याच्या शेवटी ती छापलेला कागद घेऊन केबिनमध्ये आली आणि म्हणाली, "तुम्ही दाखवू नका म्हणाले होते, पण हे न दाखवता पाठवणं मला बरं नाही वाटत."

मी वाचलं. साधं, सरळ इंग्रजी होतं. कामाची वाटणी मी करतो आणि ती बदलण्याचा अधिकार फक्त मला आहे. तिच्या गटातल्या एका मुलीची बढती मी अडवली आणि कारण लिहून दिलं. तिचं स्वतःचं वर्षाचं मूल्यमापन मी केलं आणि ती मागत होती त्यापेक्षा खालची श्रेणी दिली. बहिणीच्या कार्यक्रमासाठी मागितलेली रजा मी नामंजूर केली. ग्राहकाचा प्रोग्रॅम बंद पडला तेव्हा, तो भाग मूळ मीच लिहिलेला असूनही, मी त्याला हात लावला नाही. काम तिच्यावर सोपवलं आणि प्रगती कळवायला सांगितली. कुठे तक्रार नव्हती, विशेषण नव्हतं. प्रत्येक वाक्य खरं होतं आणि प्रत्येक वाक्य माझ्या उपयोगाचं होतं.

"राग आला काय सर?"

"नाही. तुला होता?"

"होता ना. तेव्हा खूप होता." तिने टेबलावरच्या कागदाकडे बघितलं. "मग विसरली होती मी. लिहिताना परत आला. म्हणून तर उशीर झाला."

मी सॉरी म्हणालो. ती म्हणाली, "त्याचं आता काही नाही. मुलीचं होऊ द्या तुमच्या." आणि कागद उचलून गेली. दाराशी थांबून विचारलं, "पाठवून देऊ ना?" मी मान हलवली.

वकीलबाईंना पत्र इतकं आवडलं की त्या म्हणाल्या, हे सगळ्यांच्या वर लावते. मी "ठीक आहे" म्हणालो. मला आनंद व्हायला हवा होता. मला नुसतं झोपावंसं वाटत होतं.

अर्ज गेला. पुढचे आठवडे मी ऑफिसला जात राहिलो, होळकर पुलावर अडकत राहिलो. संध्याकाळी बाबा आणि मी खडकी स्टेशनपर्यंत चालत जायचो. लोकलमधून लोक उतरताना बघायचो आणि परत यायचो. बोलण्यासारखं फार नसायचं. ते कारखान्यातल्या कुठल्याशा मशीनचं सांगायचे, मी ऐकायचो. एखादा दिवस मला उशीर झाला तर ते चप्पल घालून बसलेले असायचे आणि म्हणायचे, "मी निघालोच होतो."

एका रविवारी सकाळी निरोप आला. मंजूर. मी तो दोनदा वाचला आणि तिकडे फोन लावला. बायको ऐकताच रडायला लागली. बोलता येईना तेव्हा तिने फोन मुलीकडे दिला. मुलगी म्हणाली, "म्हणजे मी सेफ आहे ना, बाबा?" मी म्हटलं, "हो, आता तू कुठे जात नाहीस." ती म्हणाली, "थँक यू, बाबा," आणि मग अगदी हळू आवाजात, "तू कधी येतोस?" मी म्हटलं, आता लवकरच.

बाबा टेबलाशी मेथी निवडत बसले होते. त्यांनी सगळं ऐकलेलं होतं, तरी मी जाऊन सांगितलं, "बाबा, झालं. मंजूर झाला अर्ज."

"म्हणजे ती राहिली तिकडे."

"हो."

"चांगलं झालं. पोरीच्या जिवाचा घोर गेला." ते मेथी निवडत राहिले. काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला. मग म्हणाले, "तिकीट कधीचं काढतोस?"

"पुढच्या महिन्यातलं मिळेल बहुतेक."

"हं."

मी समोरची खुर्ची ओढून बसलो. त्यांनी जुडीची दोरी सोडवली आणि ती उगाच बोटाला गुंडाळत राहिले.

"नीट वाचलंस ना सगळं?" ते म्हणाले. "सरकारी काम आहे. शेवटच्या घटकेला आणखी एखादी अट निघते."

"नाही बाबा, आता काही नाही निघायची."

"निघाली तर सांगतोय." त्यांनी मान वर केली नाही. "अजून एखादं वर्ष इथे काढावं लागलं, तर माझी काही हरकत नाही."